सत्तावीस सूर

दादाराव : आपन बाहेर काहून आलो पन? पोरगी अजून आतच हाय.

सोनल : तालमीत पंधरा मिनिटांचा ब्रेक आहे, बाबा. सगळेच उठले. हीटर वाढवू का?

दादाराव : सगळे कॉफीकडं गेले. गाडीत आपनच आलो. त्या पद्मिनीबाई तुले हात करून राहिल्या होत्या, तू पाहिलं नाई.

सोनल : पाहिलं. म्हणूनच आले.

दादाराव : एक सांग मले. मी सप्टेंबरात आलो तवापासून केया घरात तो एक लांब सूर धरत होती. जिन्यात, न्हाणीत, जेवताजेवता. आज चर्चात बसलो, म्हनलं आता येईल, मंग येईल. तर तो त्या मोठ्या पेटीतून भोंग्यावानी वाजला. आन् आपली पोरगी बाकीच्या पोरींमधी उभी राहून भराभर काहीतरी म्हनून राहिली. काय झालं?

सोनल : तिची ओळ बदलली. वरची दिली तिला.

दादाराव : कोनं?

सोनल : मिसेस लिंडक्विस्टनी. त्या शिकवतात ना, त्यांनीच.

दादाराव : काहून?

सोनल : तुमच्या सीटलाही गरम करायचं बटण आहे. तिकडे, दाराशी.

दादाराव : सीट गरम हाय. काहून बदलली?

सोनल : मी मेल केली होती.

दादाराव : कायची मेल?

सोनल : बाबा, हे गाणं खूप जुनं आहे. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचं. मोटेट म्हणतात त्याला. लॅटिन, चर्चमध्ये गायचं, पाच आवाजांचं. तेव्हा म्हणे प्रत्येक आवाजाची वेगळी वही असायची. तुमच्या वहीत फक्त तुमची ओळ. बाकीचे काय गातायत ते कानांनीच समजून घ्यायचं. त्या मुलांना तसंच शिकवतात. वह्या स्वतः शिवतात, सुईदोरा घेऊन.

दादाराव : चांगलं हाय की.

सोनल : तीन आठवड्यांपूर्वी तालमीला आले तेव्हा मी केयाची वही उघडून पाहिली. एकच पान. पोकळ, जाडे जाडे सूर. सत्तावीस. मोजले मी. शेजारी प्रीताची वही होती, पद्मिनीच्या मुलीची. चार पानं, नुसत्या मुंग्यांच्या रांगा.

दादाराव : मंग?

सोनल : आणि उभं कसं केलं होतं, माहितीये? बारा मुलं अर्धगोलात, तीन-तीनच्या गटात. केया एकटी. मागे. खांबाजवळ.

दादाराव : एकटी.

सोनल : एकटी. मी तिसऱ्या बाकावर बसले होते. पद्मिनी शेजारून म्हणते, "बरं झालं गं, केयाला सोपं दिलंय. झेपेल तिला." हसून. तिचं सगळं हसूनच असतं.

दादाराव : मंग तू घरी आली.

सोनल : घरी येईपर्यंतही थांबले नाही. इथेच, याच गाडीत बसून लिहिली. केया मागे चिप्स खात होती.

दादाराव : मागंच होती, तर विचारलं नाई तिले?

सोनल : काय विचारायचं? मला दिसत होतं ना.

दादाराव : संजयले?

सोनल : त्याला पाठवल्यावर सांगितलं. तो म्हणाला, आधी एक दिवस थांब.

दादाराव : जावई बरोबर बोलते, पन नेहमी दुसऱ्या दिवशी. काय लिहिलं होतं?

सोनल : हेच सगळं. इंग्रजीत आहे.

दादाराव : फोन हातात हाय न तुझ्या. मराठीत सांग.

सोनल : बाबा, ब्रेक संपेल.

दादाराव : वाच.

सोनल : "माझ्या मुलीला तुम्ही सगळ्यांपासून वेगळं, मागे, एकटं उभं करता. तिला जवळजवळ काहीच गायला दिलेलं नाही. असं का करतात हे मला चांगलं कळतं, कारण..." पुढे तसं काही नाही.

दादाराव : कारन काय?

सोनल : "कारण माझ्या वडिलांना शाळेत प्रार्थनेच्या वेळी जातीवरून दाराबाहेर उभं करत. त्यांच्या शिक्षकांनी त्यांना सांगितलं होतं की फक्त ओठ हलव, आवाज काढू नकोस. आमच्या घराने हे पिढ्यान्‌पिढ्या सोसलंय. माझ्या मुलीच्या वाट्याला ते मी इथे येऊ देणार नाही." मग माझं नाव. आणि डिग्री. डिग्री कशाला लिहिली कुणास ठाऊक.

दादाराव : हे त्या बाईले पाठवलं.

सोनल : त्यांना. आणि गायनवर्गाच्या बोर्डाला कॉपी.

दादाराव : बोर्डात किती जन?

सोनल : सात.

दादाराव : म्हंजे आठ जनाले.

सोनल : बाबा, मी...

दादाराव : थांब जरा. तुझ्या आईले बी मी हे कधी सांगतलं नाई. गायन पार्टीत वीस वर्षं काढले. जयंतीले रात-रातभर गायलो. लोक म्हनत, दादारावचा गळा जन्मापासूनचा हाय. मी म्हनू दिलं. कशाले सांगू का त्या गळ्यावर कोनी हात ठेवला होता? तुले सांगतलं, कारन तू दहावीत होती आन् शाळेतून रडत आली होती. सैपाकघरात, दार लावून. आठवते?

सोनल : आठवतं.

दादाराव : दार लावून सांगतलं होतं.

सोनल : मला वाटलं, त्याशिवाय त्यांना कळणार नाही. नुसतं "एकटं उभं केलं" म्हटलं असतं तर म्हणाल्या असत्या, सो व्हॉट. मला काहीतरी जड पाहिजे होतं हातात.

दादाराव : आन् मी सापडलो.

सोनल : हो.

दादाराव : मंग बाई काय म्हनली?

सोनल : दुसऱ्या दिवशी फोन आला. सत्तर वर्षांच्या आहेत, बाबा. एकदाही म्हणाल्या नाहीत की तुमचा गैरसमज झालाय. "माझ्या लक्षात यायला हवं होतं" इतकंच म्हणत राहिल्या. केयाला वर घेतलं. बोर्डानेही त्यांना पत्र दिलं. पद्मिनी मघाशी सांगत होती, पुढच्या वर्षी त्या शिकवणार नाहीत. का ते कुणालाच माहीत नाही. म्हणजे मला माहितीये.

दादाराव : आन् तुझं चुकलं हे तुले कधी कळलं?

सोनल : आत्ता. पंचवीस मिनिटांपूर्वी. पुढे येऊन पालकांना समजावत होत्या ना त्या.

दादाराव : ते इंग्रजी मले नाई समजलं. नुसता हात कसा हलवते ते पाहत होतो.

सोनल : म्हणाल्या, हे रचणाऱ्याने आधीची एक जुनी प्रार्थना घेतली, तिचा एकेक सूर ताणून लांब केला आणि एका आवाजाला दिला. बाकीचे चार आवाज त्याच्यावर उभे केले. त्या आवाजाला काही सजवायचं नसतं, फक्त हलायचं नसतं. तो वेगळा उभा राहतो, कारण सगळ्यांना तो ऐकू यायला लागतो. गटातला सगळ्यांत भरवशाचा गळा निवडतात त्याला. मग म्हणाल्या, "यंदा आपण तो ऑर्गनवर घेतोय." आणि पुढचं पान उलटलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

दादाराव : झील.

सोनल : काय?

दादाराव : झील हाय ती. पुढचा गडी पेटीवर बसून ताना घेते, टाळ्या घेते, फेट्याचा तुरा उडवते. मागचा झील धरते. मागच्यानं सोडलं का पुढचा आपटला. वीस वर्षं मी काय केलं मंग?

सोनल : तुम्ही पुढे गायचात ना?

दादाराव : मी? कधीच नाई. मागंच बसत होतो, ढोलकीवाल्याच्या बाजूले. तू आईच्या मांडीवर झोपून जायची, तुले कुठचं दिसनार.

सोनल : मी तर इथे सगळ्यांना सांगते, माझे वडील गायक होते. पुढे बसून गायचे.

दादाराव : गायक होतोच. मागं बसून होतो.

सोनल : मला विचारायला हवं होतं.

दादाराव : घरी येऊन विचारलं असतं, मी वरच्या खोलीत बातम्याच पाहत होतो. अकरा पायऱ्या. आता ऐक. अडतीस वर्षं टपाल वाटलं मी. पत्र तुनं चांगलं लिहिलं. खोटं काई नाई त्याच्यात. पत्ता चुकला. ते माझ्या गुरुजीले जायाचं होतं. गुरुजी मेले, तीस वर्षं झाली. आन् तुनं ते या म्हातारीच्या दारात टाकलं.

सोनल : आता काय करू मी?

दादाराव : एकदा नोकरीचा कॉल मी दुसऱ्याच बोरकराच्या घरी टाकला. चार दिवसानं ध्यानात आलं. तवापर्यंत त्यायनं गल्लीत पेढे वाटले होते. मी बी खाल्ला होता एक. जाव लागलं परत मागाले. पोराची माय दारात उभी, मी सायकल धरून उभा. चुकीच्या घरी गेलेलं पत्र ज्यानं टाकलं त्यालेच आनाव लागते. दुसरं कोनी आनून देत नाई.

सोनल : उद्या दुपारी कॉन्सर्ट आहे. तो होऊ दे. सोमवारी मी नीट, शांतपणे मेल...

दादाराव : अजून एक मेल.

सोनल : केयाला काही माहीत नाही, बाबा. तिला मी सांगितलंय की तिला प्रमोशन मिळालं. निदान उद्यापर्यंत तसंच राहू दे. उगाच तिच्या डोक्याला...

दादाराव : आली पाह्य ती. टोपी नाई घातली.

(मागचं दार उघडतं. थंड हवेबरोबर केया आत येते. वय अकरा, बुटांना बर्फ.)

केया : इट्स फ्रीझिंग. आई, माझी वॉटर बॉटल इथे राहिली. आबा, तुम्ही ऐकलं? मी पेज थ्रीवर हरवले ना?

दादाराव : मले कुठचं कळते पान तीन. बस. दार लाव.

केया : मी हरवले. तिथे खूप फास्ट आहे. आधी मी एकटी होते तेव्हा हरवत नव्हते. आई, तू रडतेयस?

सोनल : नाही. हीटरने डोळे कोरडे होतात. केया, तुला वरची ओळ आवडते ना?

केया : ओके आहे.

सोनल : ओके म्हणजे?

केया : म्हणजे इट्स फाइन. तू म्हणालीस प्रमोशन आहे. पण मला माहितीये ते प्रमोशन नाही.

सोनल : का?

केया : कारण त्या वीकमध्ये माझं नाक बंद होतं आणि मी फ्लॅट गेले, सूर खाली घसरला. दोनदा. मग तिने मला काढलं. मिसेस एल नाइस आहे, म्हणून ती बोलली नाही. मी फिगर आऊट केलं.

सोनल : असं नाहीये, बाळा.

केया : इट्स ओके. मी प्रॅक्टिस करते अजून. बाथरूममध्ये, टॉवेल तोंडावर धरून. तुम्हाला ऐकू येऊ नये म्हणून. आता मला एका श्वासात बावीस मोजेपर्यंत सूर धरता येतो. आधी अठरा होत होतं.

दादाराव : सोनल.

सोनल : हो, बाबा.

दादाराव : सायकल धरून किती वेळ उभी राहशील?

सोनल : केया, तू फ्लॅट गेली नव्हतीस. म्हणजे गेली असशील, पण त्यासाठी तुला काढलं नाही. मी त्यांना मेल केली होती.

केया : कसली मेल?

सोनल : की तुला एकटीला बाजूला उभं केलंय. तुला कमी गायला दिलंय. की हे बरोबर नाही. तुला मुद्दाम मागे ठेवलंय.

केया : पण मीच मागितलं होतं ते.

सोनल : काय?

केया : ट्रायआउट झाला. आपण एक सूर धरायचा आणि बाकीचे सगळे भोवती येऊन दुसरं काहीतरी गाणार, आपल्याला हलवायला. वीर हसला, तो आउट. प्रीता त्यांच्याबरोबरच गायला लागली. मी नाही हलले. मिसेस एल म्हणाली, बाकीचे सगळे हरवले ना, की ते तुला शोधतील. प्रीताला पण पाहिजे होतं ते. ती रडली पण.

सोनल : प्रीताला?

केया : सगळ्यांना पाहिजे होतं.

सोनल : मला सांगितलं नाहीस तू.

केया : सरप्राइज होतं. आबांसाठी. आबा पण मागे बसूनच गायचे ना.

सोनल : तुला माहीत होतं?

केया : त्यांनी सांगितलं. मी विचारलं होतं.

दादाराव : भाजी निवडता निवडता.

केया : आई, तू मला का नाही विचारलंस? मी इथेच होते. मागे.

सोनल : मला वाटलं, विचारलं तर तू म्हणशील, मी ठीक आहे. मी पण तेच म्हणायचे शाळेत. रोज म्हणायचे. आजी विचारायची आणि मी म्हणायचे, ठीक आहे.

केया : पण मी खरंच ठीक होते.

सोनल : हो.

केया : म्हणून मिसेस एलने मला विचारलं. थँक्सगिव्हिंगच्या आधी. हॉलमध्ये खाली बसली, तिचे गुडघे दुखतात तरी, आणि विचारलं, मी तुला कधी छोटं वाटायला लावलं का? मी नो म्हणाले. मला कळलंच नाही ती काय बोलतेय. तिला वाटलं असेल मी लाय करतेय. तिला वाटलं असेल मीच तुला कम्प्लेन केलं.

सोनल : मी सांगेन त्यांना की तू नाही केलंस.

केया : तिने मला सॉरी म्हटलं, आई. आणि मी म्हणाले, नो प्रॉब्लेम. जसं काही तिने खरंच काही केलं होतं.

सोनल : केया, माझं चुकलं. तुझं गाणं मी काढून घेतलं, आणि तीन आठवडे तुला वाटत राहिलं की तूच वाईट गातेस. मला टॉवेलचं माहीत नव्हतं. मी दाराशी दोनदा थांबले होते. मला वाटलं, तू आंघोळीला वेळ लावतेस.

केया : तू ओरडलीस पण. पाणी वाया जातं म्हणून.

सोनल : ओरडले.

केया : मेलमध्ये अजून काय होतं?

सोनल : आबांची एक गोष्ट होती. त्यांना न विचारता लिहिली.

केया : म्हणजे कुणालाच नाही विचारलंस.

सोनल : नाही.

दादाराव : बाप्पा, पोरीनं हिशोब एका वाक्यात मिटवला. किती वेळ हाय अजून?

केया : सेव्हन मिनिट्स.

सोनल : आता ती ओळ कोण गातं? म्हणजे, ऑर्गनशिवाय.

केया : नो वन. प्रीताने मागितलं, मिसेस एलने नाही दिलं. माझी वही अजून ऑर्गनवर आहे. रोज तिथेच असते. मिसेस एल तिच्यावर चष्मा ठेवते.

सोनल : तुला परत गायचंय ते?

केया : आय डोन्ट नो. सगळे विचारतील, परत का. मग मी काय सांगू? माझ्या आईने मेल केली?

सोनल : ते मी सांगेन. तुला नाही सांगावं लागणार.

केया : कोणाला सांगशील? प्रीताच्या आईला पण?

सोनल : आधी मिसेस लिंडक्विस्टना. मग... बोर्डालाही लिहावं लागेल.

दादाराव : जेवढ्या घरी पत्र गेलं तेवढ्या घरी. पद्मिनीबाईले पत्र गेलं नव्हतं, तिच्या दारी जायाची गरज नाई.

सोनल : ती आत कॉफीच्या टेबलाशीच उभी असेल, बाबा. तिच्यासमोरूनच जावं लागणार.

दादाराव : मंग तिच्यासमोरून जा.

सोनल : काय बोलू मी त्यांच्याशी? सुरुवात कशी करू? इंग्रजीत माझं सगळं एकतर फार गोड होतं, नाहीतर कोर्टासारखं.

केया : "आय वॉज राँग" म्हण. लाँग नको करू. तू लाँग करतेस.

दादाराव : आन् ऐक. माझी गोष्ट परत नको मागू तिच्याकडून. गेली ती गेली. तिले म्हन, माझ्या बापाचं नाव दादाराव हाय, तो तुमच्या पोरांचं गानं ऐकाले आला हाय. आन् झील काय असते हे त्याले ठाव हाय.

सोनल : तुम्ही रागावलात माझ्यावर?

दादाराव : हो. घरी जाऊन रागावतो. आता टोपी घाल. समोर बर्फ हाय, जपून जा. दार जोरात लाव, मघाशी बी लागलं नव्हतं.

सोनल : केया, तू पाणी पी.

केया : पिते. आई, जा ना.

दादाराव : गेली?

केया : चालतेय. स्लो. आता दारात थांबली.

दादाराव : थांबू दे.

केया : बूट पुसतेय मॅटवर. आबा, खूप वेळ पुसतेय. क्लीन झाले असतील आता.

दादाराव : पुसू दे.

केया : ती आत नाही गेली तर?

दादाराव : तुझी माय हाय. चूक करते तेही पूर्ण करते, मंग बाकीचं बी करनच.

केया : तुमची गोष्ट काय होती, आबा? मेलमधली.

दादाराव : सांगतो तुले. उद्या. आधी तुझं होऊ दे.

केया : आणि आता... हां. उघडलं दार. गेली.

दादाराव : गेली न.

केया : आबा, मी एकदा करून बघू? तो पहिला सूर. एकदम हळू.

दादाराव : हळू काहून? मोजतो मी. तू धर.